‘थर्ड शेल्फ’चे प्रेक्षक

नाटकवाल्यांना वाटतं, नाटक स्टेजवर होतं. मी दारात उभी असते, त्यामुळे माझं मत जरा वेगळं आहे. स्टेजवर रोज तेच होतं. तीच गाणी, तेच जोक, तोच फ्रिज. नवीन जे काही घडतं ते खुर्च्यांमध्ये. सहा आठवडे मी ते बघत होते आणि घरी आल्यावर दिसेल त्याला सांगत होते. आता कुणाकडे जेवायला गेलं की फर्माईश होते, "वर्षा, ते फ्रिजच्या दाराचं सांग ना." एक सांगितला की दुसरा आठवतो, ताटावरचे हात वाळतात आणि पाहुणे उठायचं नाव घेत नाहीत. म्हणून म्हटलं, एकदाचं सगळं एका जागी सांगून मोकळी होते.

आधी ओळख. रेवती आणि मी पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. दोघी न्यू जर्सीत, दोघी सॉफ्टवेअरमध्ये. फरक एवढाच की मी अजून व्हिसावर आहे आणि तिचं ग्रीन कार्ड आलं. ग्रीन कार्ड आल्यावर लोक घर घेतात. हिनं नोकरी सोडली. सोडून काय केलं, तर म्युझिकल लिहिलं, म्हणजे तिकडच्या धाटणीचं संगीत नाटक. नाव ‘थर्ड शेल्फ’. एका अपार्टमेंटमध्ये तीन अनोळखी माणसं राहतात, फ्रिज एक, कप्पे तीन, आणि त्या कप्प्यांवरून नव्वद मिनिटं भांडणं आणि गाणी. इंग्रजीत, अधूनमधून मराठीत. नट तीनच, आणि कोपऱ्यात कीबोर्डवर स्वतः रेवती. न्यूयॉर्कमधलं थिएटर एकशे दहा खुर्च्यांचं. ब्रॉडवेच्या बड्या थिएटरांपुढे छोटं, म्हणून ऑफ-ब्रॉडवे म्हणतात त्याला. माझ्या आईनं फोनवर विचारलं, "ऑफ म्हणजे ब्रॉडवेपासून किती लांब?" म्हटलं, चालत सात मिनिटं, बाकी सगळ्या बाबतीत खूपच.

व्हिसावर दुसरीकडे पगार घेता येत नाही, म्हणून मी तिथे फुकटात. दिवसा ऑफिसात बग शोधायचे आणि गुरुवार ते रविवार दारात उभं राहून तिकिटं स्कॅन करायची. बग दोन्हीकडे सापडतात.

आणि एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते, कारण ती आम्ही जवळजवळ पाच आठवडे लपवत होतो. रेवतीनं नोकरी सोडल्याचं सांगलीला तिच्या वडिलांना, तात्यांना, सांगितलेलं नव्हतं. तात्या पेटी वाजवायचे. नाटकांना साथ करायचे, गावोगाव फिरायचे. मग मुलगी झाली आणि त्यांनी पेटी बंद करून साखर कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्टची नोकरी धरली. "पेटीनं माझं घर चालवलं नाही," हे वाक्य रेवतीनं लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की तिला त्याची चाल पाठ आहे. हिला अमेरिकेत नोकरी लागली तेव्हा त्यांनी अख्ख्या गल्लीला पेढे वाटले होते. अशा माणसाला फोनवर कसं सांगायचं? रेवती म्हणाली, "समोर आले की सांगेन." आणि नाटकाच्या चौथ्या आठवड्यात तात्या समोर येणार होते.

*

पहिल्या शनिवारी न्यू जर्सीतल्या एडिसनहून मराठी मंडळी आली. बावीस जण. तिकीट स्कॅन करताकरता पहिल्याच काकांनी विचारलं, "मध्यंतर किती वाजता?"

"मध्यंतर नाहीये काका. नव्वद मिनिटं सलग."

काका थांबले. मागची रांग थांबली. "मग वडा?"

"वडापण नाही."

"निदान चहा तरी?"

समोर बारवर व्हाइट वाइन आणि चॉकलेटं होती. काकांनी तिकडे एक नजर टाकली आणि आत गेले. मला वाटलं, संपला विषय.

पंचेचाळिसाव्या मिनिटाला एक गाणं संपतं आणि स्टेजवर अंधार होतो. सीन बदलायला, फक्त आठ सेकंद. त्या आठ सेकंदांत बावीसच्या बावीस माणसं उठली आणि लॉबीत येऊन उभी राहिली. काही बायका रेस्टरूमच्या रांगेत, कुणी पाय मोकळे करतंय, काकांनी तर पिशवीतून चिवड्याची पुडी काढली. घरून आणलेली. म्हणजे माझ्यावर विश्वास पहिल्यापासूनच नव्हता.

बरं, एवढ्यावर भागलं असतं. पण बावीस माणसं एकदम शिस्तीत उठून गेल्यावर उरलेल्या अमेरिकन प्रेक्षकांना वाटलं, हा नाटकाचाच भाग आहे. हल्ली असतंच ना, प्रेक्षकांना उठवून इकडेतिकडे फिरवतात. तेही मागोमाग बाहेर आले. लॉबीत सगळे एकमेकांकडे बघत उभे. थिएटरची मॅनेजर कॅरल, तीस वर्षं या धंद्यात, ती मला विचारते, "वर्षा, हे काय चाललंय?"

म्हटलं, "मध्यंतर."

आत दिवे कधीच लागले होते आणि तिघं नट सहा माणसांसमोर उभे होते. चिवडा संपल्यावर नाटक पुन्हा सुरू झालं. परत आलेल्या एका अमेरिकन बाईंनी मला दारात थांबवून सांगितलं, लॉबीतला सीन त्यांना सगळ्यात आवडला.

*

आता ते फ्रिजच्या दाराचं. स्टेजवरचा फ्रिज खरा आहे, चालू आहे, आत खरं दूध, खरी केळी. पहिली रांग त्याच्यापासून चार पावलांवर. एका सीनमध्ये निखिल, आमच्या तीन नटांतला मराठी, रागारागात दूध पितो आणि दार उघडं टाकून सोफ्यावर जाऊन बसतो. मग तीन मिनिटांचं गाणं. ते उघडं दार म्हणजे त्या तिघांच्या नात्यातलं अमुकतमुक, असं रेवतीच्या डोक्यात होतं.

एके दिवशी पहिल्या रांगेत एक काकू होत्या. निखिल गात होता. काकू आधी फ्रिजकडे बघत होत्या. मग निखिलकडे. मग पुन्हा फ्रिजकडे. पहिलं कडवं त्यांनी कसंबसं काढलं. दुसऱ्याला उठल्या, पदर खोचला, चार पावलं चालल्या, दार लावलं, नीट बसलंय ना ते दाबून बघितलं आणि जागेवर येऊन बसल्या.

निखिल गाणं थांबवून म्हणाला, "थँक यू, काकू."

"अरे, किती वेळ उघडं ठेवशील," काकू म्हणाल्या. टाळ्या थांबेनात.

दोन दिवसांनी एका वेबसाइटवर आमचा रिव्ह्यू आला. त्यात लिहिलं होतं की, प्रेक्षकांत बसवलेली ती वृद्ध अभिनेत्री म्हणजे दिग्दर्शकाची सगळ्यात धाडसी कल्पना आहे, आणि तिच्या दार लावण्यात एका पिढीचं दुःख आहे. कॅरलनं मला तो वाचून दाखवला आणि विचारलं, "या बाई गुरुवार ते रविवार मोकळ्या असतात का?"

मी काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, "रोज कुठे जमायचं ग. तूच सांग ना त्या मुलाला, दार लावत जा म्हणावं."

*

आमच्या तिघांतली मेगन मूळची ओहायोची. तिच्या वाट्याला एक मराठी गाणं आहे. फ्रिजमध्ये विसरलेल्या केळ्यावर. "केळं काळं पडलं, कुणाला नाही कळलं." रेवतीनं हे मुद्दाम लिहिलं की वैतागून, देव जाणे, पण एका ओळीत तीन ‘ळ’. मेगन तालमींचे सहा आठवडे सबवेत उभी राहून ‘ळ’ म्हणत होती. शेजारी बसलेली माणसं उठून दुसऱ्या डब्यात जायची. पण शेवटी आला तिला ‘ळ’. असा आला की सदाशिव पेठेत भाड्यानं खोली मिळावी.

एका रविवारी जॉर्जियातल्या अल्फारेटाहून आलेलं मराठी कुटुंब होतं. आई, बाबा आणि दहा वर्षांचा मुलगा. नाटक सुटल्यावर आई त्याला धरून मेगनसमोर घेऊन आली. "बघ. ती बघ. तिचं कुणी नाही मराठी. तरी ‘ळ’ कसा छान म्हणते. आणि तू? घरात आम्ही दोघं दिवसभर बोलतोय, आणि तू आजीला ‘केलं दे’ म्हणतोस."

मुलानं मेगनकडे नीट बघून घेतलं. मग म्हणाला, "मॉम, शी गेट्स पेड."

*

त्यानंतरच्या शनिवारची गोष्ट. एक काका होते, पंच्याहत्तरीचे, पांढरा झब्बा, चौथी रांग. मेगनचं गाणं संपलं आणि ते जोरात म्हणाले, "वन्स मोअर!"

स्टेजवर मेगन जागच्या जागी थिजली. कॅरल टॉर्च घेऊन माझ्याकडे धावली. "त्या गृहस्थांना काही होतंय का?"

"नाही. ते वन्स मोअर म्हणतायत."

"वन्स मोअर व्हॉट?"

आता काय सांगू? आयुष्यभर मला वाटत होतं की हा इंग्रजी शब्द आहे. आहेच की. पण इंग्रजी माणसाला तो कळत नाही, हे मला त्या दिवशी, अमेरिकेत येऊन अकरा वर्षं झाल्यावर समजलं. म्हटलं, "त्यांना गाणं आवडलंय. ते पुन्हा म्हणायला सांगतायत."

"आत्ता? मध्येच?"

"हो. पद्धत आहे."

तोवर काकांनी आणखी एकदा मागितलं आणि कोपऱ्यात रेवतीनं हसत पहिला सूर धरला. सांगलीची ती. पेटीवाल्याच्या घरात वाढलेली. तिला कुणी समजवायला नको होतं. मेगननं केळं पुन्हा काळं पाडलं. या वेळी अख्खं थिएटर "कळलं"ला टाळी देत होतं.

कॅरलला रोजचा रिपोर्ट लिहावा लागतो, काय बिघडलं, कोण पडलं. त्या दिवशीच्या रिपोर्टात तिनं लिहिलं: "रांग डी मधल्या एका गृहस्थांनी गाणं पुन्हा मागितलं. देण्यात आलं."

*

दर रविवारी नाटकानंतर टॉकबॅक असतो. म्हणजे नट आणि रेवती स्टेजच्या कडेला बसतात, प्रेक्षक प्रश्न विचारतात, कॅरल माइक फिरवते. अमेरिकन प्रेक्षक विचारतात, "ही कल्पना तुम्हाला कशी सुचली?" आपले प्रेक्षक प्रश्न विचारत नाहीत. माइक हातात घेऊन म्हणतात, "प्रश्न असा नाही, पण दोन सजेशन्स आहेत."

टेक्ससमधल्या अर्विंगहून आलेल्या एकानं सांगितलं की तिघांना मिळून एक फ्रिज हे लॉजिकल वाटत नाही, गराजमध्ये दुसरा ठेवता येतो. एक रिटायर्ड काका स्वतःची कविता वाचायला लागले, चौदा कडवी, आणि कॅरलला मराठी येत नसल्यामुळे तिला वाटलं, प्रश्न लांब आहे. सिलिकॉन व्हॅलीतल्या क्युपर्टिनोच्या एका मुलानं विचारलं, "हे स्केल कसं करणार?" रेवती म्हणाली, "मोठा फ्रिज आणू." त्यानं ते फोनमध्ये टिपून घेतलं.

पण एक प्रश्न मात्र दर रविवारी यायचाच. कुणीतरी काकू, कुणीतरी भाऊ, कौतुकानं: "जॉब सांभाळून हे सगळं कसं जमवता?" आणि रेवती माइकवर सांगायची, "सांभाळून नाही. सोडला." टाळ्या पडायच्या. मी मागे उभी राहून मनात तात्यांच्या विमानाचे दिवस मोजायची.

*

तात्या आले. समोर आले की सांगेन म्हणणारी रेवती एअरपोर्टवर म्हणाली, "दमलेत, उद्या सांगते." दुसऱ्या दिवशी, "जेट लॅग उतरू दे." तिसऱ्या दिवशी सकाळी तात्या सहाला उठून पोळी-भाजी करून बसले. "ऑफिसला डबा नको का तुला?"

झालं. रेवतीनं डबा घेतला, लॅपटॉपची बॅग खांद्याला लावली आणि निघाली. कुठे? तर चार चौकांवरच्या लायब्ररीत. संध्याकाळी सहाला परत, प्रयोग असला की तिथूनच थिएटरला. दीड आठवडा हेच. पस्तीस वर्षांची बाई, दहावीत शाळा बुडवणाऱ्या पोरीसारखी लायब्ररीत बसून मटकीची उसळ खात होती. तिचा नवरा केदार मला फोन करून सांगायचा, "यार, काल तात्या विचारत होते, बॉस कसा आहे. मी म्हटलं, चांगला आहे. आता त्याचं नाव काय सांगू?"

मी चिडले. म्हटलं, रेवती, कमाल झाली तुझी, सांगून टाक. ती म्हणाली, "वर्षा, त्यांनी माझ्यासाठी पेटी बंद केली. आणि मी त्यांना सांगू, की तुम्ही जे सोडलंत तेच मी धरलं?" मी गप्प बसले, आणि मी गप्प बसले की माझी मैत्रीण घाबरते, हेही तेव्हाच कळलं.

नाटकाबद्दल तात्यांची समजूत होती की ही ऑफिस सुटल्यावरची हौस. आपल्याकडे गणपतीत बसवतात तसं काहीतरी.

*

पाचव्या रविवारी तात्या नाटकाला आले. इस्त्रीचा शर्ट, स्वेटर, चकचकीत बूट. आम्ही जय्यत तयारी केली होती. दारात वाटायच्या माहितीपत्रकात, म्हणजे प्रोग्रॅममध्ये, रेवतीबद्दलच्या पहिल्याच ओळीत नोकरी सोडल्याचं छापलेलं, म्हणून तात्यांना प्रोग्रॅम द्यायचा नाही. त्यांना पाचव्या रांगेत, केदारच्या शेजारी बसवायचं. आणि टॉकबॅकला आमचीच तीन माणसं पेरून ठेवलेली, म्हणजे हात वर करून साधे प्रश्न विचारतील आणि वेळ संपेल. एवढं प्लॅनिंग मी ऑफिसच्या कुठल्या सॉफ्टवेअर रिलीजला केलेलं नाही.

"सगळ्यांना कागद देतेस, मला नाही?" तात्यांनी दारातच विचारलं.

"संपले, तात्या." माझ्या हातात शंभरेक होते.

ते हातांकडे बघून "बरं" म्हणाले आणि आत गेले.

नाटक झालं. तात्या हलले नाहीत, हसले नाहीत. मी मागून बघत होते, फक्त मान जरा कलती, जशी पेटीवर साथ करताना असेल तशी. संपल्यावर सगळे उभे राहिले, तेही राहिले. मग टॉकबॅक. आमच्या पहिल्या माणसानं कल्पना कशी सुचली ते विचारलं. दुसऱ्यानं फ्रिज कुठून आणला ते विचारलं. तिसरा पठ्ठ्या ऐन वेळी रेस्टरूमला गेला.

कॅरल म्हणाली, एक शेवटचा प्रश्न. पाचव्या रांगेतून तात्यांचा हात वर आला, मांडीवर शेजारच्या कुणाचातरी प्रोग्रॅम उघडा. केदारनं तो खाली ओढायचा एक दुबळा प्रयत्न केला. कॅरलला काय माहीत? तिनं कौतुकानं माइक नेऊन दिला. तात्या उभे राहिले. माइक दोन्ही हातांनी धरला. मराठीतच बोलले.

"उद्या सोमवार. किती वाजता निघायचंय ऑफिसला?"

स्टेजच्या कडेला रेवतीचा चेहरा पांढरा पडला. निखिल सोडून बाकीचे दोघं नट हसऱ्या चेहऱ्यानं भाषांतराची वाट बघत होते. कॅरल माझ्याकडे बघत होती. मी चपलांकडे बघत होते.

"नाही जायचं, तात्या," रेवती म्हणाली. माइक न घेताच. "ऑफिस नाहीये. पाच महिने झाले. सोडलं मी."

"म्हणजे दिवसभर मोकळी असतेस."

"हो."

"हेच करतेस फक्त."

"हो. हेच."

तात्यांनी मान हलवली. मग माइक तोंडाजवळ आणला.

"मग शेवटच्या गाण्याचा अंतरा असा घाईनं का उरकलायस? मला आधी वाटलं, नोकरी सांभाळून बसवलं असेल पोरीनं, म्हणून बोलणार नव्हतो."

नव्वद-शंभर माणसं बसलेली. निम्म्यांना काही कळलेलं नाही, पण उठलं कुणीच नाही. रेवती कडेवरून उठली, डोळे पुसले, कोपऱ्यात जाऊन कीबोर्ड चालू केला आणि स्टूल पुढे ओढलं.

"कुठून घेऊ?" तिनं तात्यांना विचारलं.